रोज रील टाकूनही काम का येत नाही?

नागभीड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. नागपुरात चित्रकलेचं शिक्षण पूर्ण करून त्या गावी परतल्या. आता लग्नाचे फोटो काढतात, पत्रिका आणि पोस्टर तयार करून देतात. दीडेक वर्षापासून रोज एक रील, दिवसाला दहा-बारा स्टेटस, शिवाय तालुक्यातल्या असतील नसतील तेवढ्या ग्रुपवर कामाचे नमुने. ‘खूप छान ताई’ म्हणणारे भरपूर आहेत, काम देणारं कुणी नाही. शेजारच्या गावातला एक फोटोग्राफर मात्र कुठंच काही टाकत नाही, त्याचे फोटोही यांच्यापेक्षा साधे, तरी तुळशीच्या लग्नानंतरच्या त्याच्या तारखा आत्ताच भरल्यात. ताई विचारतात, आणखी किती जाहिरात करू? मी फारशी बोलकी नाही, तिथंच कमी पडते आहे का?

ताई, पूर्व विदर्भातल्या वडसा-आरमोरी-ब्रह्मपुरी या पट्ट्यात मी वीसेक वर्षांपासून हेच काम करतो. लग्नं, साक्षगंध म्हणजे साखरपुडे, शाळांची स्नेहसंमेलनं, आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं, बचत गटांच्या पाकिटांची लेबलं, निवडणुकीचे फ्लेक्स, सगळंच. त्यामुळे तुमची घालमेल मला चांगली समजते. माझ्या मते तुमची जाहिरात कमी पडत नाहीये. तुम्ही फोटो चांगले काढता हे लोकांना कळलेलं आहे, म्हणून तर ते ‘छान’ म्हणतात. त्यांना दुसरंच काही कळलेलं नाही. ही मुलगी दोन दिवस आपल्या घरात वावरेल, तेव्हा कशी वागेल? वरात तीन तास उशिरा आली तर तोंड पाडून बसेल का? म्हाताऱ्या माणसांशी कशी बोलेल? अल्बम सांगितलेल्या दिवशी देईल की सहा महिने फोन करायला लावेल? लग्न एकदाच लागतं. फोटो बिघडले म्हणून मांडव पुन्हा घालता येत नाही. अशा कामाला माणूस निवडताना घरचे लोक हेच प्रश्न आधी विचारतात, आणि त्यांची उत्तरं रीलमध्ये सापडत नाहीत. ती मिळतात कुणीतरी सांगितल्यावर, की पोरगी चांगली आहे, आमच्याकडे होती, काही त्रास नाही.

तुमच्या शेजारच्या फोटोग्राफरला मी ओळखत नाही. पण असे पुष्कळ जण पाहिले आहेत. लग्न ठरल्याची बातमी गावाला कळण्याआधी कुणाला कळते, याचा विचार करा. तारीख काढणारे महाराज, लॉनचा मॅनेजर, मांडव-गाद्या भाड्यानं देणारा बिछायत केंद्रवाला, आचारी, पत्रिका छापणारा प्रेसवाला, ब्युटी पार्लरची ताई. यांच्यापैकी प्रत्येकाला त्या घरातून विचारणा होते, “फोटोवाला कोणी आहे का ओळखीचा?” त्या क्षणी ज्याचं नाव तोंडी येतं, त्याला काम मिळतं. पंगतीत उरलेला भात संपेपर्यंत आचाऱ्यासोबत थांबलेला, बिछायतवाल्याच्या पोराला गाडीवर मागे बसवून घरी सोडलेला माणूस त्यांच्या डोळ्यासमोर असतो. एकेका सीझनमध्ये ही मंडळी मांडवामागून मांडव करतात. तुमच्या हजार फॉलोअरपेक्षा असे सहा लोक तुम्हाला मनापासून ओळखत असतील, तर तुमचं जास्त भलं होईल.

स्टेटसचंही थोडं तांत्रिक सांगतो, कारण बरेच जण हे लक्षात घेत नाहीत. व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला ते दिसतच नाही. ब्रॉडकास्ट लिस्टचंही तसंच आहे. एका यादीत २५६ जण घालता येतात, पण निरोप पोहोचतो फक्त नंबर सेव्ह करणाऱ्यांना. म्हणजे ज्या साधनावर तुम्ही रोज दोन तास घालवता, ते चालायलाच आधी समोरच्यानं तुम्हाला आपलं मानून नंबर नावानं जपलेला असावा लागतो. दिवसाला बारा स्टेटस लावले की तोच माणूस तुम्हाला म्यूट करून टाकतो. मग साक्षगंधाची तारीख ठरते त्या दिवशी तुम्ही त्याच्या नजरेसमोर नसता.

आता माणसं जोडायची म्हणजे नेमकं करायचं काय, ते माझ्या कामातून सांगतो. ‘गोड बोला, ओळखी वाढवा’ एवढ्यानं काही कळत नाही.

लग्नाच्या एक-दोन दिवस आधी संध्याकाळी मी त्या घरी जातो, कॅमेरा न घेता. ओसरीवर बसतो, चहा होतो. मग घरातल्या मोठ्या बाईला, बहुतेक वेळा नवरीच्या मोठ्या आईला, विचारतो, “मोठी आई, कोणाचा फोटो राहिला तर तुम्हाला वर्षभर ऐकून घ्यावं लागेल?” आधी सगळे हसतात. मग एकेक नाव निघतं. “पवनीच्या आत्याचा. मागच्या लग्नात राहून गेला तं अजून बोलून दाखवते ते.” “सिंदेवाहीचे मामाजी, त्यांचे गुडघे दुखतात, स्टेजवर नाही चढत.” “धाकटा काका. त्याच्यात अन् बाबांत बोलणं नाही, पण येणार आहे.” ही सगळी नावं मी वहीत लिहून घेतो. नाव, नातं, गाव, काही अडचण असेल तर ती. अर्ध्या तासात मला त्या घराचं सगळं कळलेलं असतं. कुणाला शेजारी उभं करायचं नाही, कुणासाठी स्टेजवरून खाली उतरायचं, कुणाला आधी बोलवायचं, सगळं.

दुसऱ्या दिवशी गर्दीत हाक मारतो, “पवनीच्या आत्या, या इकडे, तुमचा नवरीसोबत राहिला.” त्या थबकतात. “तुम्हाला माह्यं नाव कसं माहीत जी?” त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटतं, तो फोटो तर चांगला येतोच. शिवाय त्यांच्या मनात एक गोष्ट बसते, की या माणसानं आपल्याला गर्दीतली एक बाई म्हणून पाहिलं नाही. मामाजींच्या खुर्चीजवळ नवरा-नवरीला घेऊन जातो, गुडघे टेकून फोटो काढतो. यात बडबड कुठंच नाही. एक वही आहे आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याची तयारी आहे.

माझा अनुभव असा की पुढचं काम ज्या घरी लग्न होतं त्यांच्याकडून सहसा येत नाही. त्यांच्याकडे लगेच दुसरं लग्न नसतं. ते येतं पवनीच्या आत्यांच्या दिराकडून, मामाजींच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली नेमकं हेच मांडलं. बॉस्टनच्या एका उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं, की ज्यानं नोकरीचं सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणाऱ्यांकडून कळलेले साधारण १७ टक्केच निघाले. निम्म्याहून जास्त लोकांना ते अधूनमधून भेटणाऱ्यानं सांगितलं होतं. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी लांबच्या माणसाकडे असते. आपल्याकडच्या लग्नात तीस गावांची लांबची माणसं एका मांडवात बसलेली असतात. तिथं तुम्ही त्यांच्याशी कसं वागता, यावर तुमचं पुढचं वर्ष ठरतं.

झाडीपट्टीच्या नाटकांचं पाहा. वडशाला नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की गावोगावची मंडळं तिथं येऊन नाटक ठरवतात. भिंतीवर पोस्टरं लावलेली असतात, गावची पोरं ती पाहत पाहत नाटकाची चौकशी करतात. म्हणजे पोस्टर बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक नाट्यमंडळ असलं, तरी पोस्टर पटायला हवं त्या गावच्या पोरांना. मी हे काम मिळवलं ते माझे नमुने दाखवून नव्हे. तालमीला जाऊन बसलो. व्यवस्थापकांना विचारलं, मागच्या सीझनला लोक कोणतं पोस्टर बोटानं दाखवून बुकिंग करत होते? कोणत्या नटाचा फोटो मोठा हवा, कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, नवी नटी कोणाच्या बाजूला शोभते, ऑर्गनवाल्याचं नाव टाकायचं का? नावांच्या क्रमावरून तिथं मोठी नाराजी होते. ती आधीच ओळखून कच्चं पोस्टर घेऊन जाणारा माणूस त्यांना घरचा वाटतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात केवढा आनंद झाला! तो आनंद कुठल्या प्रसिद्धीतून आलेला नव्हता. हजारो प्रयोग, गावोगावची रात्ररात्रभराची नाटकं, त्यातून लोकांना हा आपला माणूस वाटतो. या मातीत नाव असंच होतं.

आता तुमच्या बोलकं नसण्याबद्दल. यावर काळजी करू नका, मी हे मनापासून सांगतो. मनमिळाऊ असणं आणि बोलघेवडं असणं यांचा फारसा संबंध नाही. आमच्या भागात मला माहीत असलेला सगळ्यात विश्वासाचा व्हिडिओवाला दिवसभरात मोजकी वाक्यं बोलतो. पण त्याला फोन केला की तो उचलतो, नाही उचलला तर संध्याकाळपर्यंत उलट करतो. अल्बमला उशीर होणार असेल तर ठरलेल्या तारखेच्या आधी स्वतःहून कळवतो. दोन वर्षांनी भेटला तरी विचारतो, “आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं ना, आता कसं दिसते?” लक्षात ठेवणं हा त्याचा गुण आहे, आणि तो कमी बोलणाऱ्यांना जास्त साधतो.

तुम्ही बाई आहात, त्यामुळे काही वाटा बंद आहेत हे मान्यच करायला हवं. पानठेल्यावर, ढाब्यावर, रात्री अकराला बिछायतवाल्यांच्या घोळक्यात जी ओळख होते, ती तुम्हाला तशी करता येणार नाही, आणि करायची गरजही नाही. पण आम्हा पुरुषांना जे दार कधीच पूर्ण उघडत नाही, ते तुमच्यासाठी उघडं असतं. नवरीची खोली, बांगड्या भरणं, हळद, डोहाळजेवण, बारसं. तिथं आम्ही दाराशी उभे राहतो, बायका पदर सावरून बसतात. तुमच्यासमोर त्या मोकळ्या असतात. हे तुमच्या तालुक्यात कितीजणींना जमतंय? रात्री उशिरा परतायचा प्रश्न असेल तर काम घेतानाच सांगा, की मुक्कामाची सोय तुमच्या घरी बायकांत करा किंवा गाडीनं पोहोचवून द्या. घरचे लोक याचं वाईट मानत नाहीत, उलट त्यांना जबाबदारी वाटते.

बचत गटांकडेही जा. ‘उमेद’ या सरकारी अभियानातल्या बाया मोहफुलाचे लाडू, हातसडीचा तांदूळ, लाखोळी डाळ, लोणची प्रदर्शनात नेतात. त्यांना लेबल हवं असतं. आधी डिझाइन दाखवू नका. बैठकीला जाऊन बसा आणि पाकीट हातात घेऊन विचारा, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, परवाना क्रमांक आला का? निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, हिरवं शाकाहारी चिन्ह कुठं घ्यायचं? पुष्कळदा लेबल छापून होतं आणि मग कळतं की क्रमांकच राहिला. पाच हजार लेबलं वाया जातात. ही चूक तुम्ही आधी थांबवलीत, तर त्या गटाची अध्यक्ष तुमचं नाव ग्रामसंघाच्या बैठकीत घेईल. तिथं बाजूच्या गटांच्या बायाही असतात.

इतरांचे फोटो टाकण्याबद्दल एक महत्त्वाचं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, १९५७ च्या, कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. म्हणजे त्या नवरीचा हळदीचा फोटो जाहिरातीसाठी वापरायचा तर विचारायलाच हवं. कायदा बाजूला ठेवला तरी, माझ्या पाहण्यात एका घरी मुलीचे हळदीचे फोटो न विचारता रीलमध्ये गेले, ते सासरकडच्या ग्रुपवर फिरले, आणि त्या फोटोग्राफरला त्या पंचक्रोशीत पुन्हा कुणी बोलावलं नाही. फोटो सुंदर होते. आधी विचारा, आणि ‘नाही’ म्हणाले तर चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. नकार मोकळेपणानं घेतलेला माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

पोटात गोष्ट ठेवण्याचंही तेच. ग्रामपंचायत निवडणुकीत दोन्ही पॅनल एकाच डिझायनरकडे येतात. एकाचा मजकूर दुसऱ्याला कळला तर तुमचं दुकान दोन्हीकडून बंद.

ओळख वाढली की फुकट मागणारेही वाढतात, हे तुम्हाला लवकरच जाणवेल. “घरचंच आहे ना ताई, पाहून घ्या.” इथं गोंधळू नका. दर कागदावर किंवा मेसेजवर आधी ठरवून घ्या, काय मिळणार आणि काय नाही हे लिहा, ॲडव्हान्स घ्या. मायेनं वागायचं आणि हिशेब चोख ठेवायचा, हे दोन्ही एकत्र चालतं. खरं तर हिशेब धूसर ठेवल्यानंच नाती बिघडतात. कुणाला काही द्यावंसं वाटलं तर दर कमी करू नका, एखादी फ्रेम वरून द्या, आजी-आजोबांचा फोटो मोठा करून द्या. मात्र समोरच्याचं अर्थकारण समजून घ्या. आपल्याकडे “धान विकल्यावर देतो” हे बहाण्यानं म्हटलेलं नसतं. धान सरकारी खरेदी केंद्रावर मोजलं गेलं तरी चुकारे, म्हणजे त्याचे पैसे, यायला वेळ लागतो, कधी फार वेळ लागतो. म्हणून मी विचारतो, “धान टाकलं का केंद्रावर? नंबर लागला का?” आणि त्याप्रमाणे हप्ते पाडतो. ज्या घराची अडचण तुम्ही अशी ओळखून घेतली, ते घर तुमचे पैसे बुडवत नाही. माझ्याकडे तरी फार थोड्यांनी बुडवलेत.

हे सगळं कुठं लागू होत नाही, तेही सांगतो. तुम्हाला पुण्या-मुंबईच्या प्रकाशनांसाठी चित्रं काढायची असतील, किंवा ताडोब्याच्या बाजूच्या रिसॉर्टसाठी काम करायचं असेल, तर तिथले लोक तुम्हाला इंटरनेटवरच शोधणार. तिथं नीट मांडलेलं पान हवंच, नियमित हवं. गाव फार लहान असेल किंवा गटातटात विभागलेलं असेल, तर एका बाजूची जवळीक दुसरीकडे नडते. जातीपातीमुळे काही ओसऱ्यांवर कुणाला सहज बसता येत नाही, हेही खरं आहे आणि ते तुमच्या स्वभावावर ढकलणं अन्याय होईल. अशा ठिकाणी शाळा, आरोग्य केंद्र, बचत गट या सगळ्यांच्या जागा आहेत, तिथून सुरुवात करा.

आणि जाहिरात पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. पवनीच्या आत्यांनी नाव सांगितलं की त्यांचा पुतण्या आधी मोबाइलवर तुमचं काम पाहणारच. तेव्हा तिथं पाच-सहा चांगले, परवानगीनं टाकलेले अल्बम असू द्या. आठवड्यातून एखादी गोष्ट पुरे. त्यात दुसऱ्यांना आणा. मांडव कुणी सजवला, मेंदी कुणी काढली, आचारी कोण होते, नावानिशी लिहा. ते लोक ती पोस्ट स्वतःहून पुढे पाठवतील, आणि तुम्ही त्यांच्या कामाकडे पाहिलंत हे त्यांना कळेल.

तर रोजचे ते दोन तास आता असे वळवा. सीझन सुरू व्हायच्या आधी तालुक्यातले दोन प्रेसवाले, एक पार्लरवाली ताई आणि जवळच्या ग्रामसंघाची एक बैठक, एवढ्यांना भेटा. काम मागू नका. त्यांचं कसं चाललंय, कुठं अडतंय ते विचारा, आणि तुमच्या हातून जे सहज होण्यासारखं असेल ते करून द्या. आधी केलेल्या लग्नांच्या घरी एकदा जाऊन या, अल्बम कसा टिकलाय पाहा. पहिली दोन-चार कामं छोटी येतील, बारसं, वाढदिवस, एखाद्या बाबांच्या तेरवीसाठी फोटो मोठा करून देणं. ती लग्नाइतक्याच मनानं करा.

एक सीझन असं वागूनही काम आलं नाही, तर मात्र अडचण दुसरी असू शकते. दर परिसराच्या मानानं जास्त असेल किंवा फोटोंत लोकांना हवं ते नसेल. तसं वाटलं तर मला एका लग्नाचा अल्बम पाठवा. रीलसाठी निवडलेले बारा फोटो नकोत, घरच्यांच्या हातात दिलेला पूर्ण अल्बम पाठवा, आणि सोबत लिहा की त्यांनी तो पाहताना कोणत्या पानावर थांबून काय म्हटलं.